पुलापलीकडची त्रेचाळीस मतं

राजधानी, अतिथीगृह
३ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

पोचलो. हातपाय धड आहेत, पोट ठीक आहे. हे आधी लिहितो, नाहीतर तू पुढचं वाचायच्या आतच समीरदाजींना माझ्या मागावर धाडशील.

फोन विमानतळावरच जमा करून घेतले. निवडणूक होईपर्यंत परक्यांना फोन नाही, वरच्या खोऱ्यात कुणालाच नेट नाही, अफवा नकोत म्हणून. म्हणजे आपण पुन्हा नाशिकरोडच्या रविवारांवर आलो. आठवतं ना, आत्याला पत्र लिहून झाल्याशिवाय बाबा खिरीचं पातेलं उघडू द्यायचे नाहीत. या देशाचं नाव कुठे लिहायचं नाही असं आपल्या कंपनीच्या करारात कलम आहे, तेव्हा ते पत्रातही नाही. मी कधी नव्हे तो शहाण्यासारखा वागतोय.

ताई, इथलं सगळं आपल्या उलट आहे. तीस वर्षांपूर्वी या राजासमोर लोक जमिनीला कपाळ टेकायचे. राजानंच ते बंद केलं. मग सल्लागार मंडळ नेमलं. काही वर्षांनी त्यातल्या निम्म्या जागा गावांनी निवडायच्या ठरल्या. मग मंत्रिमंडळ आलं, मग दोन तृतीयांश मतांनी राजालाही काढण्याचा अधिकार सभेला मिळाला. यंदा राज्यघटना लागू झाली आणि २४ नोव्हेंबरला पहिली पक्षांची निवडणूक. संसद, पंतप्रधान, सगळं येणार. कुणी मोर्चा काढला नाही, कुणी मागितलंही नाही. इथला स्वयंपाकी मला रोज विचारतो की आमचं असं काय चुकलं म्हणून राजा आम्हाला टाकून चालला. मी ताट पुढे करून आणखी भात मागतो.

राजा थकलाय. उपचार तिकडे तुझ्या सिंगापूरलाच चालू आहेत, म्हणून दर गुरुवारी दरबाराचं विमान जातं-येतं. आणि आता नवल ऐक. दरबाराचे कायदा सल्लागार चक्क पुण्याचे निघाले. पद्माकरराव. एकोणीस वर्षं इथे आहेत. विमानतळावर त्यांनी मराठीत हाक मारली तेव्हा मी त्यांना मिठीच मारणार होतो. पहिल्याच दिवशी घरी नेऊन पिठलं-भात खाऊ घातला. आपली पत्रं दरबाराच्या थैलीतून जातील अशी सोय त्यांनीच केली. राजाची माणसं बुकित तिमाहला ज्या condo मध्ये उतरली आहेत, तिथल्या गार्डकडे तू पत्र द्यायचं आणि माझं घ्यायचं. इथला डिंक वाईट, म्हणून पाकीट ते स्वतः नीट चिकटवतात. एवढं कोण करतं सांग.

१५ तारखेला सराव निवडणूक आहे. खरे पक्ष नाहीत, नुसते रंग: पिवळा, निळा, हिरवा, तांबडा. तू तपासलेल्या मशीनवर चार बटणं, आणि ती दाबायला गावोगाव शिकवणं हे माझं काम. पिवळा राजाच्या उपरण्याचा रंग आहे, तेव्हा निकाल सांगायला ज्योतिषी नको.

प्रियूला पापा. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
प्रीतम


सेंगकांग
११ सप्टेंबर २०२५

चि. प्रीतमला,
ताईचे अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

पत्र मिळालं. condo च्या गार्डनं माझं ओळखपत्र दोनदा उलटसुलट पाहिलं, मग एका मोठ्या कापडी थैलीतून तुझं पाकीट काढून दिलं. तुझ्या पद्माकररावांना सांग की चिकटवतात छान, पण जरा जास्तच खळ लावतात. उघडताना निम्मं पत्र फाटलं.

इकडे ठीक. प्रियूचा पुढचा दात hawker center च्या खाऊगल्लीत मक्याचं कणीस खाताना पडला. मी शोधायला वाकले तर कन्यारत्न मला म्हणतं की never mind lah. आठ वर्षांची पोर. समीर आता LRT सोडून सायकलनं स्टेशनला जातो, म्हणजे गेल्या आठवड्यात दोनदा गेला. बाबांची शुगर आटोक्यात आहे. तू राजाच्या देशात आहेस म्हटल्यावर त्यांनी मला फोनवर अर्धा तास नागरिकशास्त्र शिकवलं.

एक कामाचं, सांगायचं राहून गेलं होतं. सरावापुरती मशीनमधली नोंद मी चालू ठेवली आहे. कोणत्या मतदाराचं कार्ड, कोणतं बटण, किती वाजता, सगळं त्यात राहतं. लोक कुठे अडखळतात ते कळायला हवं ना. माझी सवय तुला माहीत आहे, नोंद नसेल तर मला काम झाल्यासारखंच वाटत नाही. खऱ्या मतदानाआधी मी ती बंद करणार आहे, तेव्हा काळजी नको.

स्वेटर घालत जा. कौतुक करणारा माणूस भेटला की तू विरघळतोस, तेवढं सांभाळ.

सदैव तुझी,
एकताताई


वरचं खोरं
२१ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

सराव निवडणूक झाली. सगळीकडे पिवळा. एका गावात म्हातारी माणसं मशीनला नमस्कार करून बटण दाबत होती, आणि बाहेर येऊन रडत होती, की आम्ही बरोबर दाबलं, आता राजाला जाऊ नको म्हणून सांगा.

फक्त एका गावात वेगळं झालं. झुलत्या पुलापलीकडचं गाव, साठेक घरं. तिथे त्रेचाळीस मतं निळ्याला. ताई, ती माझ्यामुळे पडली.

मी आदल्या दिवशी तिथे शिकवायला गेलो होतो. बटण कसं दाबायचं ते करून दाखवायचं होतं. आपला हात कुठे जाणार? चौदा एप्रिलच्या पताका चिकटवण्यात ज्याचं बालपण गेलं, त्याचा हात निळ्यावरच जाणार. दहा वेळा दाखवलं असेल, दहाही वेळा निळं. माझ्या ध्यानातही आलं नाही. मी जिच्या घरी उतरतो ती म्हातारी, तिला सगळे आमा म्हणतात, मतदानाला पहिली उभी होती. नंतर मला अभिमानानं म्हणाली की गुरुजींनी निळं दाबलं म्हणजे निळं बरोबर असणार, मी रांगेतल्या सगळ्यांना तसं सांगितलं. मला हसू आलं. आता येत नाही.

कारण तिसऱ्याच दिवशी राजधानीहून चार माणसं आली. गणवेश नव्हता. घरोघरी चहा प्यायले, लेकराबाळांची चौकशी केली, आणि निळं कुणाकुणाला आवडलं म्हणून हसत हसत विचारलं. लोकांनी त्यांच्या पेल्यात आणखी चहा ओतला. जाताना त्यांनी पूल दुरुस्तीसाठी बंद केला. पूल चांगला होता, मी दोनदा त्यावरून गेलोय.

तुझी ती नोंद. त्यात ही त्रेचाळीस कार्डं असतील ना? दुसऱ्या कुणाला दिसेल का ती? मला नीट कळव. गावातल्या लोकांनी कुणाविरुद्ध काही केलेलं नाही, त्यांनी फक्त मास्तरची नक्कल केली.

तुझा
प्रीतम


सेंगकांग
२ ऑक्टोबर २०२५

चि. प्रीतमला,
आशीर्वाद आणि जय भीम.

आज विजयादशमी. आपल्याकडची सात-आठ कुटुंबं आमच्या blockच्या खालच्या हॉलमध्ये जमली, वंदना झाली, मी खीर केली. सगळ्यांनी तुझी विचारपूस केली आणि मी सगळ्यांना तू मजेत आहेस म्हणून सांगितलं. तोंडावर खोटं बोलायची वेळ तू आणलीस.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हो, त्रेचाळीसही कार्डं नोंदीत आहेत, नावासकट शोधता येतील अशी. तुमची मशीनं राजधानीत जोडली तेव्हा ती सगळी नोंद इथे आंग मो किओच्या ऑफिसात आली. पुलापलीकडच्या गावाची तर गावातूनच सरकारी तारेवरून आली. ही चूक तुझ्या निळ्यापेक्षा मोठी आहे आणि ती माझी आहे. मी बारा वर्षं मशीनं तपासतेय, आणि मत देणारं माणूस कुणालातरी सापडू शकतं एवढं माझ्या डोक्यात आलं नाही. आपल्या बाबांची मुलगी असून.

आणि ऐक. सरावाला दोनच दिवस झाले होते, तेव्हा दरबाराकडून आमच्या डायरेक्टरांना पत्र आलं, मतदार-शिक्षणासाठी नोंद पाठवा म्हणून. नुसतं नोंद नाही, कार्ड, बटण आणि वेळ असा शब्द न् शब्द. इतकं नेमकं त्यांना कुणी सांगितलं ते मला कळत नाही, कागदपत्रांत तर कुठे लिहिलेलं नाही. डायरेक्टर म्हणतात गिऱ्हाइकाची वस्तू गिऱ्हाइकाला द्या. मी त्यांना सांगितलंय की यादी नीट लावायला वेळ लागेल. माझ्या शेजारी बसणारी पुण्याची अनघा सगळं जाणते, तीही माझ्याबरोबर संथपणे काम करतेय. ती इतकी संथ होऊ शकते हे मला माहीत नव्हतं.

आमच्याच नियमांत एक वाट आहे. काम झालं की लिहीन. तोवर तू गप्प राहा आणि आमाला सांभाळ.

तुझी
ताई


वरचं खोरं
८ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

पुलाच्या फळ्या काढल्या. नुसते दोर लोंबतायत. मीठ, रॉकेल आणि टपाल टोपलीतून दोरीवरून येतं, आणि ती टोपली आता दोन दिवसांतून एकदाच येते. मी पलीकडेच, आमाच्या घरी आहे. मला परत यायला परवानगी आहे, गावाला नाही. मी हललो तर नंतर इथे पाहायला कुणी उरणार नाही, म्हणून बसून आहे.

मागच्या आठवड्यात दोन तरुणांना शिक्षणासाठी म्हणून राजधानीला नेलं. त्यांच्या बायका रोज नदीकाठी येऊन उभ्या राहतात. परवा त्यांच्यातली एक मला विचारत होती की गुरुजी, तो डबा बोलतो का? मी नाही म्हणालो. ताई, तिच्या डोळ्यात पाहून मी खोटं बोललो.

पद्माकरराव आहेत म्हणून धीर आहे. ते समोरच्या काठावर पुलाच्या तोंडापर्यंत आले होते, आम्ही नदीवरून ओरडून मराठीत बोललो. मी त्यांना निळ्याची सगळी हकिगत सांगितली. ते पोट धरून हसले, म्हणाले मला पटतं, पण दरबारात कुणाला पटवायचं म्हणजे कठीण. राजा आता घटनेनं बांधलेला, त्याला विचारायचं नाही, नवं सरकार अजून आलेलं नाही, आणि मधल्या काळात जे कोण आहेत ते घाबरलेले आहेत. घाबरलेल्या माणसांना यादी लागते असं ते म्हणाले. मग म्हणाले बहिणीला लिहीत राहा, मोठी बहीण वाट काढते.

बाबा काड्यांची गोष्ट सांगायचे ती आठवते का? भिक्खुसंघात रंगीत काड्यांनी मत घ्यायचे, आणि काड्या गोळा करायला असा माणूस निवडायचे जो आवडीनं वाकणार नाही, रागानं नाही, अज्ञानानं नाही आणि भीतीनं नाही. लहानपणी मला वाटायचं ही काय मोठी नोकरी. मला भीती वाटते ताई. सरळच सांगतो.

या गावाचं मशीन शाळेच्या कपाटात बंद आहे, पूल नसल्यानं परत गेलेलं नाही. किल्ली माझ्याकडे आहे.

लोभ उणा करू नकोस.

तुझा
प्रीतम


सेंगकांग
१६ ऑक्टोबर २०२५

चि. प्रीतमला,
खूप आशीर्वाद आणि जय भीम.

झालं. नीट वाच, पद्माकररावांसारख्या आपल्या माणसाशिवाय तिथे मराठी कुणाला कळणार नाही, म्हणूनच उघड लिहितेय.

आमच्याकडे नियम आहे की चाचणीतली माहिती तीस दिवसांनी नष्ट करायची, दोघांच्या सह्यांनी. काल तीस दिवस भरले. सकाळी दहाला मी सही केली, अनघानं केली, आणि नोंद गेली. परत आणता येणार नाही अशी गेली. डायरेक्टर दुपारी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. नियम त्यांचाच होता, म्हणून त्यांनी फक्त डिसेंबरात माझा Employment Pass, इथला नोकरीचा परवाना, संपतोय याची आठवण करून दिली. समीर म्हणतो बघू पुढचं पुढे. तो असं म्हणाला म्हणून मी रडले, एरवी रडले नसते.

दरबाराला कळवलंय की नोंद उरलेली नाही. त्यांना ते खरं वाटेल. पण तू लिहिलंस ते वाचून माझ्या जिवाचं पाणी झालं. गावाचं मशीन परत गेलं नसेल तर एक प्रत त्यात आहे. मी ती मुद्दाम ठेवली होती, तार तुटली तर म्हणून. मागचे चार स्क्रू काढ. बॅटरी उचल. तिच्याखाली नखाएवढं काळं कार्ड दिसेल. ते काढ, दगडानं ठेच आणि नदीत टाक. एवढंच उरलंय. हे झालं की त्रेचाळीस माणसांनी काय दाबलं ते जगात कुणालाही कळणार नाही.

प्रियूचा दुसरा दातही हलतोय. दोरा बांधून ओढायचं म्हणते, मी नको म्हटलंय. तू आल्यावर मामाच्या हातानं पडू दे.

लवकर कर.

तुझी
ताई


वरचं खोरं
१९ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

या आठवड्यात तुझं पत्र आलं नाही. पद्माकरराव स्वतः काठावर आले होते, म्हणाले विमानाची थैली हलकीच आली. मी हिरमुसलो तसं त्यांनी समजूत घातली. वर प्रियूची चौकशी केली, म्हणाले भाचीला सांगा दुसऱ्या दाताला दोरा बिरा बांधायचा नाही, आपोआप पडू द्यावा. किती बारीक लक्षात ठेवतात. मी कधी बोलून गेलो असेन.

आज ते कामाचं विचारत होते. शाळेच्या कपाटातलं मशीन राजधानीला न्यायचंय, उद्या फळ्या टाकून माणसं येतील, किल्ली द्या म्हणाले. मी देईन म्हटलं. कंपनीची वस्तू आहे, आणि पूल त्यामुळे सुरू होत असेल तर बरंच. आमा सकाळपासून खूश आहे. पूल सुरू होणार म्हणून तिनं माझ्यासाठी लोणी राखून ठेवलंय.

नोंदीचं काय झालं ते कळव. झोप लागत नाही.

तुझा
प्रीतम


बुकित तिमाह, MRT स्टेशनच्या बाकावर
२३ ऑक्टोबर २०२५

प्रीतम,

किल्ली देऊ नकोस. हे तुला वेळेत मिळणार नाही हे कळतंय, तरी लिहितेय.

दुसऱ्या दाताचं मी फक्त १६ तारखेच्या पत्रात लिहिलं होतं. तुला न मिळालेल्या पत्रात. पाकिटांना इतकी खळ का असायची ते मला आज कळलं. अतिथीगृहात फोन केला तर प्रीतमसाहेब वरच्या खोऱ्यात आहेत म्हणतात. हे थैलीतून देत नाही, साध्या टपालानं पाठवतेय. मशीन नदीत लोट. आमाला घेऊन डोंगरात जा. आपल्या माणसाशिवाय मराठी कुणाला कळणार नाही असं मीच लिहिलं होतं रे.

ताई


राजधानी
३० ऑक्टोबर २०२५

सौ. एकताताई यांस,
स. न. वि. वि.

आपला प्रत्यक्ष परिचय नसताना लिहितो आहे, क्षमा असावी. आपलं २३ तारखेचं टपालानं आलेलं पत्रही सुखरूप मिळालं. आपलं अक्षर फार सुरेख आहे. एकोणीस वर्षांत इतकं घरगुती मराठी वाचायला मिळालं नव्हतं, त्याबद्दल ऋणी आहे. खिरीचं वाचून आईची आठवण झाली.

आपल्या सूचना इतक्या स्पष्ट होत्या की आमच्या माणसाला पाच मिनिटंही लागली नाहीत. त्रेचाळीस नावं मिळाली. निळ्या रंगाचं कारण मला पहिल्यापासून पटलेलं आहे, तसा शेराही मी लिहिला. तथापि ज्यांना सवयीनं निळं दाबता येतं त्यांना ते मनापासूनही दाबता येईल, असं इतरांचं मत पडलं. ती मंडळी मतदान होईपर्यंत राजधानीत राहतील. प्रीतम माझ्याकडेच आहे. तो जेवत नाही, आपण समजावावं.

आम्हाला लोकशाही नको आहे असं कृपया समजू नये. राजेसाहेबांनी ती तीस वर्षं पायरीपायरीनं आणली आणि गेल्या एकोणीस वर्षांतल्या प्रत्येक पायरीचा मसुदा माझ्या हातचा आहे. पण शेवटच्या पायरीवर कुठे काय आहे ते दिसायला नको का? २४ नोव्हेंबरच्या खऱ्या मतदानात नोंद बंद करण्याचं काम आपल्या हातात आहे. ती बंद करू नये, एवढीच विनंती. कुणाला कळायचं कारण नाही. आपल्या डायरेक्टरांशी मी बोललो आहे, आपल्या पासची चिंता नसावी. मतदान पार पडलं की प्रीतम पहिल्या गुरुवारच्या विमानात असेल.

प्रियदर्शिनीस आशीर्वाद. आपला स्नेह असाच राहावा, ही इच्छा.

आपला,
पद्माकर


सेंगकांग
६ नोव्हेंबर २०२५

चि. प्रीतमला,
ताईचे आशीर्वाद आणि जय भीम. पद्माकरराव, तुम्हालाही नमस्कार, तुम्ही आधी वाचाल.

प्रीतम, मी राजाला भेटले. दोन महिने दर गुरुवारी condo च्या गार्डशी बोलतेय, त्याच्या ओळखीनं राजाची नर्स भेटली, तिनं पाच मिनिटं मागून दिली. इस्पितळाच्या खोलीत खिडकीशी खुर्चीत बसलेला बारीकसा म्हातारा. पांघरूण पिवळं होतं. मी पद्माकररावांचं पत्र इंग्रजीत वाचून दाखवलं. त्यानं दोनदा वाचायला लावलं. मग मी हात जोडले, म्हटलं, हुकूम द्या, त्यांना सोडा म्हणून एक हुकूम द्या.

तो रडला. म्हणाला, हुकूम देण्याचा अधिकार मी मार्चमध्ये सही करून सोडला. तो परत घेतला तर तीस वर्षं वाया, आणि उद्या दुसरा कुणी वाईट कामासाठी घेईल. मी त्याच्यावर ओरडले. राजावर ओरडले, प्रीतम. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला की आता मला फक्त विनंती करता येते, आणि विनंती लिहून दिली. ती सोबत जोडली आहे. तिचं काय करायचं ते पद्माकररावांनी ठरवावं, पायरीपायरीनं मसुदे त्यांनीच लिहिले आहेत.

मी निघताना त्यानं विचारलं की इस्पितळातून त्याला मत देता येईल का, आणि ते कुणाला कळेल का. मी म्हटलं, कुणालाही कळणार नाही.

तेव्हा ऐक. काल मी इथूनच, राजधानीत जोडलेल्या सगळ्या मशीनांतली नोंद बंद केली, आणि नुसती बंद नाही, त्यातून काढूनच टाकली. अनघानं शेजारी उभं राहून सही केली. आता मलाही ती परत घालता येणार नाही. समीर खोकी आणतोय, बहुतेक डिसेंबरात आम्ही नाशिकला असू. प्रियू विचारते मामा कधी येणार, आणि मी तिला खोकी भरायला बसवते.

बाबांना फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं की नोंद बंद केलीस ना. मी हो म्हटलं. मग ते फोनवरच रडले आणि मला म्हणाले, आता माझ्या लेकराला पत्र लिही.

ते हे. तुझ्यावर माझा जीव आहे, हे मी तुला कधी तोंडानं सांगितलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतेय. नदीकाठच्या त्या बाईला तू शब्द दिलास की डबा बोलत नाही. तो आता बोलत नाही. भीती मलाही वाटते, अक्षर बघ. पण काड्या गोळा करताना भीतीनं वाकले नाही, एवढं बाबांना सांगता येईल.

जेवत जा. माझी आण आहे.

तुझी
ताई

ता. क. पाकीट चिकटवलेलं नाही.